जपानी पॅनलचं फुटलेलं मत

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. दिंद्रुडहून पाच किलोमीटरवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं तर धोंडीराम आबा मला गावात येऊ द्यायचे नाहीत, आणि माझी पुस्तकं सगळी तिथंच आहेत.

मी योगिता. एम.ए. जनसंवादाचं दुसरं वर्ष, आणि गावातली एकमेव मांगा वाचणारी. म्हणजे या मार्च महिन्यापर्यंत माझा तसा समज होता. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आपलं पुस्तक जिथं संपतं तिथून ती उघडायची आणि उजवीकडून डावीकडे वाचत जायची. माझं पार्सल दिंद्रुडला येतं. तिथून मी ते ओढणीत गुंडाळून घरी आणते, कारण आईचं म्हणणं असं, की बाविसाव्या वर्षी चित्रांची पुस्तकं वाचणाऱ्या पोरीच्या डोक्यात काहीतरी कच्चं राहिलेलं असतं.

सगळ्या रामायणाला सुरुवात झाली ती वर्गात. आमच्या रोहिणी मॅडम शिकवता शिकवता म्हणाल्या, "चित्रकथांची आवड असणारे सगळंच वाचतात. जपानी काय आणि अमेरिकन काय." मला राग यायला एवढं पुरतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की खरा मांगा वाचणारा माणूस इंग्रजी कॉमिक्सला हातसुद्धा लावत नाही. त्यातले ते घट्ट कपड्यांतले बाप्ये पन्नास वर्षं म्हातारे होत नाहीत. मेले तर दोन महिन्यांत परत येतात. आमच्याकडे मेलेला माणूस मेलेलाच राहतो, मॅडम!

मॅडमनी चष्मा पुसला. "छान. हाच तुझा लघुप्रबंध. ग्रामीण भागातल्या शंभर मांगा वाचकांचे फॉर्म भरून आण. फॉर्म नाहीत तर पास नाही."

तोंड चालवलं की असं होतं. बीड जिल्ह्यात शंभर मांगा वाचक शोधणं म्हणजे शिरूर कासारला नारळाची बाग शोधणं. आधी मी फोनवरून फॉर्मची लिंक पाठवली. आठ दिवसांत तीन उत्तरं आली. एक माझंच होतं, लिंक चालते का बघायला भरलेलं. दुसऱ्यानं 'आवडते पुस्तक' या रकान्यात सरकी पेंडीचा भाव विचारला होता. तिसऱ्यानं माझं लग्न झालंय का ते विचारलं होतं. शेवटी दिंद्रुडला जाऊन कागदावरच्या फॉर्मच्या अडीचशे झेरॉक्स काढल्या आणि गावी येऊन ओसरीवर त्या गठ्ठ्याकडे बघत बसले.

तिथं मला आबांनी गाठलं. धोंडीराम आबा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आणि गावातल्या एका पॅनलचे प्रमुख. माणूस वाईट नाही. फक्त जगातल्या कुठल्याही गोष्टीला दोन बाजू असतात आणि त्यातली एक आपली असते, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे.

"काय करलालीस गं योगे? लई कागदं जमा केलीत."

मी त्यांना दहा मिनिटं समजावून सांगितलं. मांगा म्हणजे काय, कॉमिक्स म्हणजे काय, वाचक दोन्ही वाचतात की एकच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"म्हंजी एक जपानचं पॅनल, अन् एक अमेरिकेचं."

"पॅनल न्हाई आबा, पुस्तकं हायेत."

"तेच की. अन् तू जपानच्या बाजूची."

"हो, पण..."

"मग निकाल काय पायजे तुला?"

इथं मी म्हणायला हवं होतं, की आबा, निकाल मागायचा नसतो, शोधायचा असतो. मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिलेलं वाक्य आहे ते. पण बारा दिवस उरले होते, हातात भरलेला एकही फॉर्म नव्हता, आणि मॅडम चष्मा पुसताना डोळ्यांसमोर दिसत होत्या. मी हळूच म्हणाले, "न्हाई असा. म्हंजी मांगावाले इंग्रजी वाचत न्हाईत, असा."

"दोनशे बारा," आबा म्हणाले. "आपली हुकमी मतं दोनशे बारा हायेत. एक जरी हिकडचं तिकडं झालं तर धोंडीराम नाव सांगणार न्हाई."

त्या संध्याकाळी आबांच्या ओट्यावर जीवन फॉर्म भरायला बसला. जीवन म्हणजे आबांचा उजवा हात. निवडणुकीत घरोघरी चिठ्ठ्या वाटतो, अक्षर मोत्यासारखं. चौथा प्रश्न होता, 'आपण पाश्चात्त्य कॉमिक्सही वाचता का?' त्यापुढं तो 'नाही'वर खूण करत सुटला. ज्यांच्या नावानं खुणा होत होत्या, त्यातले निम्मे ऊसतोडीवरून अजून परत आलेले नव्हते. मी ते पाहिलं आणि घरी येऊन झोपले. गठ्ठा रात्रभर आबांच्या घरात राहिला.

मला वाटलं होतं, सकाळी आबा गठ्ठा गुपचूप माझ्या हातात देतील. पण मत पडलं आणि मोजलं नाही, हे आबांच्या तत्त्वात बसत नाही. नऊ वाजता मारुतीच्या पारावर टेबल मांडलेलं. चहाचं पातेलं चढलेलं. दुसऱ्या पॅनलच्या आसारामबापूंना मुद्दाम बोलावून समोर बसवलेलं, कारण विरोधक नसला तर मतमोजणीला चव येत नाही. एका पोत्यात गुलालसुद्धा दिसला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

जीवन एकेक फॉर्म उचलून वाचू लागला. "न्हाई. न्हाई. न्हाई." पन्नास झाले, शंभर झाले. आसारामबापूंनी तिसरा चहा घेतला. बाजाराला निघालेल्या बाया थांबून विचारायच्या, "कोण येतंय निवडून?" त्यांना कोणीतरी सांगायचं, "जपान." त्या बरं म्हणून पुढं जायच्या.

एकशे ऐंशीच्या आसपास जीवन थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"आबा, हितं 'होय' हाय."

मग आसारामबापू ताडकन उठले. "फुटलं! धोंडीरामाचं मत फुटलं बे!" त्यांच्या माणसांनी आमच्याच पोत्यातला गुलाल उचलून त्यांच्या डोक्यावर टाकला. दोनशे अकरा विरुद्ध एक असा निकाल लागला आणि मिरवणूक एकाची निघाली.

त्या गडबडीत मी तो फॉर्म जीवनच्या हातून ओढून घेतला. अक्षर जीवनचं नव्हतं. बारीक, तिरकं, जांभळ्या पेनचं. 'मांगा कधीपासून वाचता?' अकरावीपासून. 'पुस्तक कोणत्या बाजूने उघडता?' मांगा असेल तर उजवीकडून, इंग्रजी असेल तर डावीकडून, एवढं कळतं. 'पाश्चात्त्य कॉमिक्सही वाचता का?' होय, आणि पुढं तीन ओळी, कोणत्या तऱ्हेची आवडतात आणि का. हे सगळं कोणीतरी खरोखर वाचणाऱ्या माणसानं लिहिलं होतं. मी गावात एकटी नव्हते!

मग शेवटचा रकाना वाचला. 'इतर काही सांगायचे असल्यास.' त्यात लिहिलं होतं: 'हा फॉर्म बनवणारीनं एक तरी इंग्रजी कॉमिक पूर्ण वाचलं आहे का? प्रश्नांवरून तरी वाटत नाही.'

आनंद जेवढ्या वेगानं आला होता त्याच्या दुप्पट वेगानं राग आला. राग यायचं कारण साधं होतं. मी एकही वाचलेलं नव्हतं.

"आण हिकडं तो कागुद," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा गुलाल न लागताच लाल झालेला.

"न्हाई आबा. फॉर्मवर नाव नसतंय. गुप्त मतदान हाय."

"गुप्त मतदान पेटीत असतंय. पेटीच्या भायेर आमाला समदं कळतंय. कोण हाय तो दगाबाज?"

"मला माहीत न्हाई. अन् असतं तरी सांगितलं नसतं."

आबा पाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "ठीक हाय. उद्या सकाळी समदे दोनशे बारा देवळात येतील अन् बेल-भंडारा उचलतील." आमच्याकडे बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घेतली की माणूस खोटं बोलत नाही. पोलिसांसमोर बोलेल, देवासमोर नाही. निम्म्या निवडणुका त्यावरच चालतात. या दोनशे बारांपैकी निम्मे गावातच नव्हते आणि उरलेल्यांपैकी कोणी तो फॉर्म डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता, ही गोष्ट पारावर कोणाच्याच डोक्यात आली नाही. जीवनच्या तेवढी आली, पण त्याला बोलू दिलं नाही. फॉर्म त्यानं भरले म्हणजे दुसरं नाव निघेपर्यंत फितूर तोच, असं ठरवून आबांनी त्याला तिथंच पॅनलमधून काढून टाकलं. तो बिचारा आबांच्या दारापाशी चपला हातात घेऊन बसून राहिला.

मी घरी येऊन तो कागद पुन्हा उजेडात धरला. कडेला अंगठ्याचा पांढरा ठसा होता. नखानं खरवडलं तर पीठ निघालं. ज्वारीचं. गठ्ठा रात्रभर जिथं होता त्या घरात भाकरी एकच माणूस थापतं.

स्वप्नाली वहिनी आबांची सून. दोन वर्षांपूर्वी नांदूरघाटहून लग्न होऊन आलेली. तिच्याशी माझं बोलणं म्हणजे सणावाराला 'कशी हायेस' आणि 'बरी हाय', एवढंच. दुपारी मी गेले तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. समोर पिठाच्या डब्याला फोन टेकवलेला, आणि भाकरी थापता थापता ती करंगळीनं पान सरकवत होती. पान उजवीकडे सरकत होतं.

"वहिनी, चौथा प्रश्न," मी म्हणाले.

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "लई उशीर केलास ओळखायला."

"फॉर्म भरायचा होता तर मला सांगायचं ना!"

"तू इचारलंस का? मांगा वाचणाऱ्यांचे फॉर्म म्हणून गावभर भरले. वाचणारी घरात बसलीय, तिला सोडून समद्यांचे भरले. जीवनकडनं एक कोरा राहून गेला होता, तोच भरून टाकला गठ्ठ्यात."

"पण ते 'होय'? तू अकरावीपासून मांगा वाचतीस अन् तसलं बी वाचतीस? ते घट्ट कपड्यातले..."

"बघ, परत तेच. समदी इंग्रजी कॉमिक्स तसलीच असतात, हे तुला कुणी सांगितलं? माझा भाऊ परमेश्वर पुण्यात शिकतो, तो धाडतो मला दोन्ही. एकात मारामारी दीडशे पानं चालती, दुसऱ्यात माणूस मेला तर परत येतो. खोड दोघांत बी हाय. आवडतं ते वाचायचं."

"दीडशे पानं मारामारी चालते कारण तिथं त्याची आई..."

"त्याची आई प्रत्येक वेळंला आठवती! कावून? मारामारी सुरू व्हायच्या आधी आठवाय काय झालं तिला?"

मग आम्ही भांडलो. अर्धा तास, अगदी जीव तोडून. तव्यावरच्या दोन भाकरी करपल्या. चित्रं काळीपांढरी बरी की रंगीत, यावरून तिनं माझ्या अंगावर उलथनं उगारलं. मी एवढी खूश कधी झाले होते मला आठवत नाही. बावीस वर्षांत या गावात मला असं भांडायला माणूस मिळालं नव्हतं.

तेवढ्यात आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. वहिनीनं डोक्यावर पदर घेतला आणि फोन पिठाच्या डब्यामागं ढकलला.

"योगे, शेवटचं इचारतो. नाव सांग. न्हाईतर जीवन्या गेला."

बाहेर जीवन नाक ओढत होता ते ऐकू आलं. मी वहिनीकडे पाहिलंसुद्धा नाही. या घरातला तिचा फोन, भावानं धाडलेली पुस्तकं, सगळं एका नावावर अडकलेलं होतं. मी म्हणाले, "आबा, तो फॉर्म मीच टाकला."

"तू? तुझा निकाल तूच पाडलास? उचल मग भंडारा." त्यांनी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी माझ्यापुढं धरली.

माझा देवावर फारसा विश्वास नाही, असं मी विद्यापीठात सांगत असते. इथं हात पुढं जाईना. बोटं वाटीपर्यंत गेली आणि थांबली.

"मामा," वहिनी म्हणाली, "ते मत माझं हाय."

आबांच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुझं? कावून?"

"कारण मी वाचते. दोन्ही वाचते. खोटं कसं लिहू?"

आबा हळूहळू पाटावर बसले. आता फोन जाणार, पुस्तकं चुलीत जाणार, असं मला वाटलं. वहिनीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं परातीतलं पीठ उगाच मळायला घेतलं.

"आसारामला कळलं," आबा शेवटी स्वतःशीच म्हणाले, "तर त्यो म्हनंल, धोंडीरामाचं घर फुटलं." मग त्यांनी मान वर केली. डोळ्यांत मला ओळखीची चमक दिसली, निवडणुकीच्या आदल्या दिवशीची. "घर फुटल्यापरीस गाव फोडलेलं बरं. जीवन्या! मोटरसायकल काढ. दिंद्रुडला जा अन् कोऱ्या झेरॉक्स आण. समदे दोनशे बारा 'होय' करायचे."

"आबा!" मी ओरडले. "असं न्हाई करता येत!"

"कावून? काल करता आलं, मग आज कावून न्हाई?"

त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं. खरंच उत्तर हवं होतं त्यांना. आणि काल ओसरीवर निकाल मागणारी मीच होते. लाज वाटली, आणि ती लपवायला स्वयंपाकघरात जागा नव्हती. मी म्हणाले, "आबा, चुकलं माझं. मला एकच फॉर्म पायजे. वहिनीचा. बाकीचे न्हाई नेणार."

"तू ने न्हाईतर नको नेऊ. पर आमच्या घरचं मत अल्पमतात राहणार न्हाई," आबा म्हणाले आणि जीवनला पैसे द्यायला बाहेर गेले. जीवन परत पॅनलमध्ये आला होता आणि त्याला ते कोणी सांगायचीही गरज पडली नाही. संध्याकाळी पारावर फेरमतमोजणी झाली. दोनशे बारा विरुद्ध शून्य. बेल-भंडाऱ्याचा बेत आपोआप बारगळला. आसारामबापू चक्रावून विचारत होते, की सकाळी अख्खं गाव जपानचं होतं, दुपारून अमेरिकेचं कसं झालं? आबा म्हणाले, "लोकांचा कौल हाय." उरलेला गुलाल त्यांनी स्वतःच लावून घेतला.

मी निघाले तेव्हा वहिनीनं गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. "हे वाच. मग भांडाय ये. न वाचता भांडणाऱ्याशी मी बोलत न्हाई."

एका म्हाताऱ्या बाईची आणि तिच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची गोष्ट होती ती. घट्ट कपड्यांतला एकही बाप्या नाही. सवयीनं मी उजवीकडून उघडलं, तर शेवटचंच पान आधी दिसलं, आणि स्वतःवर चिडून पहिल्यापासून सुरुवात केली. गच्चीवर बसून एका बैठकीत संपवलं. शेवट माहीत असूनही शेवटी रडले. आवडलं. त्याचा भयंकर राग आला, पण आवडलं.

लघुप्रबंधाला मॅडमनी पास होण्यापुरते गुण दिले, त्यावर एकही नाही. त्याआधी तोंडी परीक्षा झाली. माझा अहवाल अकरा पानांचा होता. त्यात आबांचे फॉर्म का टाकून दिले तेही लिहिलं होतं, आणि निकाल कोणी मागितला होता तेही.

मॅडमनी पानं उलटली. "शंभर वाचक सांगितले होते."

"दोनशे बारा मिळत होते, मॅडम. दोनदा. खरे दोनच निघाले."

"निष्कर्ष?"

"एक पहिल्यापासून दोन्ही वाचते. दुसरी फक्त मांगा वाचायची. इंग्रजी कॉमिक्सविषयी ती तावातावानं बोलायची, तेव्हा तिनं त्यातलं एकही वाचलेलं नव्हतं."

मॅडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही. नुसताच हातात धरला. "आणि आता?"

"आता तिचं चौथं चालू आहे," मी म्हणाले.